शनिवारी सकाळी दहा, घरटी एक हंडा

“सर, या खेपेला शंभर माणसं आणून दाखवते! एक जरी कमी निघालं तर नाव पंचशीला सोनकांबळे लावणार नाही!”

हे मी आमच्या संचालकांना फोनवर ऐकवलं. आवाज असा खणखणीत लागला की स्टुलावर पेंगणारा आमचा शिपाई ग्यानोबा दचकून उठला आणि कोणी आलंय की काय म्हणून दारात जाऊन पाहून आला. कोणी आलेलं नव्हतं. आमच्याकडे कोणी येतच नाही!

आमच्या विद्यापीठाची दोन संग्रहालयं. मोठं नांदेडला. तिथं मूर्ती आहेत, शिलालेख आहेत आणि मुख्य म्हणजे एसी आहे. धाकटं आमच्या तालुक्याच्या गावी, लातूर रस्त्याला. तीन खोल्या, पुढं पत्र्याचा मांडव आणि वाळून खराटा झालेला एक लिंब. खोल्यांमध्ये खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या वस्तू: रांजण, घागरी, चामड्याची मोट, पखाल, पोहरे. गावातले लोक त्याला म्युझियम म्हणतात आणि लांबून जातात. मी तिथली संग्रहालय सहायक. अकरा महिन्यांच्या करारावर! करार मेअखेर संपणार होता.

संचालकांनी फोन केला होता तो त्यासाठीच.

“सोनकांबळे मॅडम, गेल्या वर्षीच्या तुमच्या सहा कार्यक्रमांना मिळून एकोणीस माणसं. त्यातल्या एकानं अभिप्रायाच्या वहीत ‘संडास कुठे आहे’ असं लिहिलंय. या मे महिन्यात उपस्थिती दिसली नाही तर तिथं कुलूप लावू. वस्तू नांदेडला हलवू. आणि तुम्ही...”

पुढचं मी त्यांना बोलूच दिलं नाही. मधेच शंभराची थाप मारली. भित्र्या माणसाचं असंच असतं बघा. घाबरला की तो फुशारकी मारतो.

तो उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तो. आमच्या गावात नळ पंधरा दिवसांनी यायचा, आणि आला तरी आधी अर्धा तास नुसता खोकायचा. पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागली होती. पाच माणसं एका जागी दिसली की पोलीस! त्यातच नव्या जिल्ह्यांची यादी निघणार अशी आवई उठली होती, आणि त्या यादीत आमच्या तालुक्याचं नाव आहे असं जो तो छातीठोकपणे सांगत होता. घशाला कोरड पडली होती, पण चहाच्या टपरीवर जिल्हा कचेरी कुठं बांधायची यावर मारामाऱ्या चालल्या होत्या.

मी म्हटलं, लोकांच्या डोक्यात दोनच गोष्टी आहेत ना? पाणी आणि जिल्हा! मग कार्यक्रम त्यावरच ठेवू. दोन दिवस खपून मी पत्रक लिहिलं. शनिवारी सकाळी दहा वाजता कार्यशाळा, ‘पाण्याची भांडी: काल आणि आज. प्रत्येक घरातून एक जुना हंडा, घागर किंवा कळशी घेऊन यावे. मोजमाप, नोंद, छायाचित्र व चर्चा.’ रविवारी व्याख्यान, ‘नवा जिल्हा, जुने नकाशे’.

ग्यानोबाला वाचून दाखवलं. तीस वर्षं नोकरी झालेला माणूस. त्याच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा परवानगी घेतल्याशिवाय उठत नाही.

“कसं वाटतंय ग्यानोबा?”

“चांगलं हाय, म्याडम.”

“येतील ना माणसं?”

“न्हाई येत.”

पाचशे पत्रकं वाटली. दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर भजी घेतली, तर माझीच ‘पाण्याची भांडी’ तेलात भिजून परत हातात आली! तेव्हा मात्र मी हाय खाल्ली. शेवटचा उपाय म्हणून भोंग्याची रिक्षा बोलावली.

भोंग्याची रिक्षा म्हणजे संगप्पा. आमच्या गावात लग्न, मयत, सर्कस, पोलिओ, कशाचीही खबर असो, आवाज संगप्पाचाच. मी त्याच्या हातात दोन पानी मजकूर ठेवला. त्यानं तो चष्मा वर करून, चष्मा खाली करून, आणि शेवटी चष्मा काढून वाचला.

“मॅडम, ह्ये लई लांब हाय. एवढं बोलेपर्यंत रिक्षा धर्माबादला पोचंल की!”

“मग थोडं कमी करा. पण मुद्दा राहू द्या.”

“मुद्दा कुटं जातोय? तुमी फिकीरच करू नका.”

मी फिकीर केली नाही. आयुष्यात एकदाच केली नाही, आणि तीही नेमकी तेव्हाच!

शुक्रवारी दिवसभर मी आतल्या खोलीत रांजणांवरची धूळ झाडत होते. लांबून भोंगा ऐकू येत होता. शब्द कळत नव्हते, ‘म्युझियम’ तेवढं कळत होतं. मला इतका आनंद झाला की मी ग्यानोबाला चहा पाजला.

संध्याकाळी घरी गेले. दारात माझ्या सासूबाई, गुणाबाई, चिंचेनं तांब्याचा हंडा घासत बसल्या होत्या. पदर खोचलेला, हंडा सोन्यासारखा लखलखत होता.

“आत्या, आज हंडा कशाला काढलात? नळाला अजून आठ दिवस आहेत.”

“आगं, नळाचं काय घिऊन बसलीस! उद्या तुज्याच म्युझियमात पाणी सुटलालंय की! घरटी एक हंडा! तुला ठावं न्हाई?”

माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

“कोण म्हणालं?”

“संगप्पा. चारदा वरडून गेला. आन तू घरची सून आसून मला सांगितली न्हाईस! शेजारची चांगुणा सांगाया आली, तवा मला कळलं. लाज वाटली मला!”

मी संगप्पाला फोन लावला. घाईत पहिला फोन गॅसवाल्याला लागला.

“संगप्पा, तुम्ही नेमकं काय बोललात?”

“तुमी लिवलं तेच की, मॅडम. जरा आटोपशीर केलं.” आणि त्यानं फोनवरच भोंग्याचा सूर लावला. “ऐका हो ऐका! उद्या शनिवारी सकाळी धा वाजता! विद्यापीठाच्या म्युझियमात! पाणी! घरटी एक हंडा घिऊन यावे!”

“अहो, ‘पाण्याची भांडी’ होतं ते!”

“भांडी बोललो की! हंडा म्हंजे काय, भांडंच न्हवं का?”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नगरपरिषदेच्या नळाची पाळी कोणत्या गल्लीत कधी, हे दर आठवड्याला सांगत फिरणारा माणूसही संगप्पाच! तो आवाज कानावर पडला की गावातल्या बायका अर्ध्या झोपेतसुद्धा हंड्याकडे हात नेतात. त्या आवाजात तो माझी कार्यशाळा सांगत फिरला होता!

“आत्ताच्या आत्ता रिक्षा काढा,” मी ओरडले, “आणि सांगा, म्युझियममध्ये पाणी मिळणार नाही! स्पष्ट सांगा!”

संगप्पा गुणी माणूस. लगेच निघाला. दिवेलागणीपर्यंत प्रत्येक गल्लीतून “उद्या म्युझियमात पाणी मिळणार न्हाई हो! कुणीबी येऊ नये हो!” असं ओरडत गेला. मी दारात उभी राहून ऐकलं आणि जरा श्वास सोडला.

सासूबाई मात्र हंडा पालथा घालता घालता चांगुणाला सांगत होत्या, “न्हाई म्हणतेत म्हंजे नक्की हाय बग. आपल्या आपल्या माणसांला द्यायचं आसंल. आपण नवाला न्हाई, सातलाच जाऊ.”

सकाळी सव्वासहाला ग्यानोबाचा फोन.

“म्याडम, येऊ नका.”

“काय झालं?”

“काय न्हाई. आन यायचंच आसंल तर मागल्या दारानं या.”

मागच्या दारानं गेले. खिडकीची फट किलकिली केली आणि पाहिलं. फाटकापासून रस्त्यापर्यंत, रस्त्यावरून पेट्रोलपंपापर्यंत, पंपाला वळसा घालून पार शाळेच्या भिंतीपर्यंत हंडे! तांब्याचे, पितळेचे, स्टीलचे, प्लास्टिकच्या निळ्या घागरी, रंगाचे रिकामे डबे. माणसं अजून सगळी आली नव्हती. आधी नंबर लावायला भांडीच पाठवली होती! ती सगळी भांडी तोंड उघडं ठेवून माझ्या खिडकीकडे बघत होती. देवाशपथ सांगते, वाघाला घाबरले नसते इतकी मी त्या भांड्यांना घाबरले.

“ग्यानोबा, आपल्याकडे पाणी किती आहे?”

“माठात धा-बारा गिलास आसंल. तुमच्या बाटलीत आर्धा.”

आठपर्यंत माणसंही आली. गाव तर आलंच, शिवाय आसपासच्या वस्त्यांवरच्या बायका चालत आल्या. दोन म्हातारे लोह्याच्या बाजूनं जीपला लटकून आले होते. एवढी गर्दी बघून जिल्हावाले कसे मागे राहतील? चारजण ‘नवा जिल्हा झालाच पाहिजे’चं कापड घेऊन आले आणि माझ्या पत्र्याच्या मांडवाला ते बांधून मोकळे झाले. मी खिडकीतून हात हलवून नको नको म्हणत होते. त्यांना वाटलं, मी पाठिंबा देतेय. त्यांनीही हात हलवले!

साडेआठला जीप आली. पोलिसांची! फौजदार नरसिंग बिरादार साहेब उतरले. पाच माणसांची जमावबंदी, आणि समोर तर पाच माणसं मोजून बाजूला काढायलासुद्धा जागा नव्हती. साहेब थेट आत आले. त्यांच्या हातात माझं पत्रक होतं.

“इथं मेन कोण?”

ग्यानोबानं माझ्याकडे बोट दाखवलं. तीस वर्षांत एवढ्या चपळाईनं त्यानं काही केलेलं मी पाहिलं नव्हतं.

“मोर्चाला परवानगी घेतली का?”

“कोणता मोर्चा, साहेब?”

“मला शिकवू नका, मॅडम. हे काय लिहिलंय? ‘प्रत्येक घरातून एक हंडा घेऊन यावे.’ आणि खाली? ‘नवा जिल्हा.’ म्हणजे हंडा मोर्चा! पाण्याचं निमित्त, आत जिल्ह्याचं आंदोलन. बाहेर फलकसुद्धा लावलाय. वीस वर्षं नोकरी केलीय मी!”

मी बोलायला तोंड उघडलं. कोरड्या बोअरमधून निघते तशी नुसती हवा निघाली.

“ती... कार्यशाळा आहे, साहेब. भांड्यांची मोजमापं घ्यायची आहेत.”

“सहाशे बायकांच्या हंड्यांची मोजमापं?” साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं चोराच्या हातात घंटा असताना तो ‘मी देवाला आलो होतो’ म्हणाला तर पाहावं. “संघटनेचं नाव काय?”

“विद्यापीठ.”

साहेबांनी घाम पुसला. बाहेर जाऊन तहसीलला फोन लावला. मला तुकडे तुकडे ऐकू येत होते. “मोठा आहे साहेब... हो, बायाच जास्त... विद्यापीठाचा हात आहे... नेता? एक बाई आहे, लई पोचलेली दिसते. काही कळूच देत नाही!”

डोळ्यांपुढं सगळं दिसायला लागलं. हातात बेड्या, पेपरात फोटो, संग्रहालयाला कुलूप, आणि माझी सातवीतली मुलगी शाळेत सांगतेय, ‘माझी आई हंड्यांमुळे आत गेली.’ मी रांजणाच्या मागे जाऊन बसले. खरंच बसले! दीडशे वर्षांचा रांजण तो, माझ्यासारख्या दोघी मावतील एवढा.

ग्यानोबा वाकून म्हणाला, “म्याडम, बाया दारावर आल्यात. दार मोडंल.”

“तू सांग ना त्यांना.”

“मी शिपाई माणूस. पाणी न्हाई म्हणलं तर मला मारतील. तुमाला लगेच न्हाई मारणार. आधी आइकून घेतील.”

एवढ्या धीरावर मी उठले. जोत्यावर स्टूल ठेवलं आणि वर चढले. समोर नुसते पदर आणि हंडे. ऊन असं तापलं होतं की तांब्याच्या हंड्यांकडे बघवत नव्हतं. पहिल्याच ओळीत एक उंच, काळीसावळी बाई उभी होती. तिचं नाव सरजाबाई. पाच किलोमीटर लांबच्या वस्तीवरून पहाटे निघून आली होती. तिच्या एका काखेत हंडा, दुसऱ्या काखेत नातू. तिच्या मागं माझ्या सासूबाई होत्या, लखलखता हंडा घेऊन, सगळ्यांना अभिमानानं सांगत, “ही आमची सून!”

मी डोळे मिटले.

“बायांनो, माफ करा. इथं पाणी नाही. पाणी कधीच येणार नव्हतं. चूक माझी आहे.”

एकदम सगळं शांत! ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सहाशे माणसं गप्प उभी राहिली की काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं. कुठंतरी एक घागर कलंडली आणि गडगडत रस्त्यापर्यंत गेली. तेवढाच आवाज.

“मग भांडी कशाला आणाया लावलीस?” सरजाबाईनं विचारलं.

“बघायला.”

“बगायला? रिकामी?”

“हो.”

सरजाबाई माझ्याकडे बघत राहिली. तिच्या घामेजल्या चेहऱ्यावर राग आहे की काय आहे, मला कळेना. मी मनात पळायची दिशा ठरवत होते. तेवढ्यात ती वळून मागच्या बायकांना म्हणाली, “आइकलं का गं? सरकारनं नळ रिकामे केले, आन ही बाई रिकामे हंडे बगून ऱ्हायली!”

आधी एक हसली. मग चार. मग सगळा रस्ता हसायला लागला. त्या हसण्यात काही फार माया नव्हती. पण मी पळायचं रद्द केलं.

“आत सावली हाय का?” सरजाबाईनं विचारलं.

“आहे.”

“मग सरक. आलोच हाव तर बसू. ह्या पोराला तरी ऊन लागायचं न्हाई.”

आणि माझी कार्यशाळा सुरू झाली! तीन खोल्या भरल्या, मांडव भरला. माठातलं पाणी ग्यानोबानं फक्त लेकरांना वाटलं, झाकणानं मोजून. बायका वस्तू बघत हिंडायला लागल्या. दारातल्या वहीत ग्यानोबा एकेकीची सही नाहीतर अंगठा घेत होता. मला वाटलं, आता तरी सुटले.

“ये बाई, ह्ये काय लिवलंय?” सरजाबाईनं मला हाक मारली. काचेच्या पेटीत बांबूची एक तिरकी कापलेली नळी होती. चिठ्ठी मीच लिहिली होती.

“‘लोकवाद्य. फुंकून वाजविण्याचे,’” मी वाचलं.

“वाजविण्याचे? आगं, ह्याच्यानं बैलाला औशीद पाजतेत! बैलाच्या नरड्यात घालायची नळी ती. तू तोंडाला लावलीस काय?”

लावली होती. नांदेडहून पाहुणे आले होते तेव्हा त्यांच्यासमोर वाजवूनही दाखवली होती! मी चिठ्ठी बदलायला पेन शोधू लागले. पण माझ्या चेहऱ्यावरून सगळ्यांना कळलं असावं, कारण खिडकीत बसलेल्या बायका पदर तोंडात घालून लोळायला लागल्या.

तासाभरात माझ्या अकरा चिठ्ठ्या बदलल्या. कुठल्या घागरीला कोणत्या गावचा कुंभार असा गळा काढायचा, मोटेचं चामडं मऊ राहावं म्हणून काय लावायचे, हे त्या भांडून भांडून सांगत होत्या आणि मी खाली मान घालून लिहीत होते.

सासूबाई मात्र पोहऱ्यापाशी उभ्या होत्या. कितीतरी वेळ. लोखंडी पोहरा, दोराला बांधून विहिरीत सोडायचा तो. शेवटी त्यांनी त्याला हात लावला.

“आमाला ह्याला शिवाया मिळत न्हवतं,” त्या म्हणाल्या. कोणाला उद्देशून नाही, अशाच. “मी माज्या नातीएवढी आसंन. विहिरीच्या खाली आमी हंडे मांडून बसायचो. वरून कुणाला दया आली की वतायचे. उनाचं बसून बसून माझी माय एकदा चक्कर येऊन पडली. तवाबी पोहरा वरच होता.”

सरजाबाईचं माहेर शेतीवाडीवाल्यांचं. तिनं पोहऱ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे.

“आमच्या विहिरीवर वतायचं काम माज्या आजीकडं होतं,” ती हळू आवाजात म्हणाली. “लई वेळ लावायची ती. मुद्दाम.”

मग सरजाबाईनं नातू दुसऱ्या काखेत घेतला आणि सासूबाईंना बसायला भिंतीजवळची जागा करून दिली. मला ते वहीत कसं लिहावं कळेना. जसं बोलल्या तसंच लिहिलं.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला आणि कोणीतरी किंचाळलं, “टँकर! टँकर आला!”

मला वाटलं, उन्हानं लोकांना भास व्हायला लागले. दारात गेले तर खरोखरच टँकर! पुढं नायब तहसीलदारांची गाडी, मागं गळत गळत येणारा टँकर. तहसीलनं ‘विद्यापीठाचा हंडा मोर्चा’ शांत करायला पाठवलेला!

आता चेंगराचेंगरी होणार, रांजण फुटणार, कोणीतरी मरणार, अशी माझी खात्रीच पटली. पण बायकांनी हंड्यांचे नंबर आधीच लावलेले होते, आणि त्या रांगेत घुसायची बिरादार साहेबांची स्वतःचीही हिंमत नव्हती. साहेब काठी काखेत मारून पाइप धरून उभे राहिले.

“घरटी दोन हंडे! दोनच! आजी, हा तुमचा तिसरा आहे, मला कळतंय!”

सगळीकडे पाण्याचा आवाज. मी मटकन पायरीवर बसले. तर समोर नायब तहसीलदार.

“मॅडम, आपली पहिली मागणी प्रशासनानं मान्य केली आहे. दर शनिवारी इथं टँकर उभा राहील. आता आंदोलन मागं घेतल्याचं लिहून द्या.”

“पण साहेब, आंदोलन नव्हतंच...”

“मॅडम, ताणू नका!”

त्यांनी कागद पुढं केला. ‘आम्ही हंडा मोर्चा तूर्त स्थगित करीत आहोत.’ खाली सहीची जागा. विद्यापीठाच्या करारावरच्या बाईनं मोर्चाच्या कागदावर सही केली तर करार गेला! आणि नाही केली तर टँकर गेला! पहिला विचार माझ्या मनात कराराचा आला, हेही सांगून टाकते. समोर बायका भरलेले हंडे डोक्यावर चढवत होत्या, अजून निम्मी रांग बाकी होती. मी पेन काढलं. टोक टेकवलं. एवढ्यात मागून कोणीतरी ते पेन काढून घेतलं.

“हिकडं आण. तू लेकराची माय हाईस, नोकरी हाय तुला,” सासूबाई म्हणाल्या. “मला कोण काढून टाकतंय?”

रात्रीच्या साक्षरता वर्गात शिकलेल्या अक्षरांत त्यांनी सावकाश लिहिलं: गुणाबाई. मग जरा विचार करून पुढं ‘नेता’ असंही लिहिलं. नायब तहसीलदारांनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि सुटकेचा निःश्वास टाकून ते निघून गेले.

रविवारच्या ‘नवा जिल्हा, जुने नकाशे’ व्याख्यानाला तीन माणसं आली. वक्ता, मी आणि ग्यानोबा. जिल्हावाले चौघंही आले नाहीत. त्यांना वाटलं, मोर्चा स्थगित झालाय.

पेपरात मात्र मोठा मथळा होता, ‘संग्रहालयावर हंडा मोर्चा, प्रशासन नमले!’ आणि सोमवारी सकाळी संचालकांचा फोन. मी उभी राहून घेतला. उभं राहून घेतला की शिव्या कमी लागतात असा माझा अनुभव आहे.

“मॅडम, पेपर वाचला.”

“सर, मी सगळं सांगते...”

“उपस्थिती किती होती?”

“सर?”

“उपस्थिती, मॅडम! आकडा!”

“सहाशे बेचाळीस, सर. पोलीस धरून.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

“सह्या आहेत?”

“सह्या आहेत. अंगठे आहेत. एक सही फौजदार साहेबांचीही आहे. त्यांना वाटलं पंचनामा आहे.”

“आमच्या नांदेडच्या संग्रहालयात वर्षाला एवढे लोक येत नाहीत,” संचालक अगदी बारीक आवाजात म्हणाले. “कुलूप वगैरे आता काही काढू नका. म्हणजे, लावू नका. तुमच्या कराराचं पत्र पाठवतो. पुढच्या महिन्याचे कार्यक्रम ताबडतोब कळवा.”

फोन ठेवला आणि मी ग्यानोबाला म्हटलं, “सुटलो, ग्यानोबा!” तो दाराकडे बघत होता.

दारात सरजाबाई उभी होती. मागं तिच्या वस्तीवरच्या दहा-बारा जणी. हंडे नव्हते. मला हायसं वाटलं.

“या, या! संग्रहालय बघायला आलात?”

“बगू की, नंतर,” सरजाबाई म्हणाली आणि माझ्या टेबलासमोर ऐसपैस बसली. “आमच्या वस्तीवर तीन म्हैन्यापासून लाइट न्हाई. डीपी जळलाय. कितीदा सांगितलं, कुणी आइकत न्हाई.”

“अरेरे. मग?”

“मग काय? तू कंदिलाचा कार्यक्रम ठिव. घरटी एक जुना कंदील. सगळ्या वस्त्यांवरच्या आणतो. लोह्यापतुर निरोप देतो. संगप्पाला आमी सांगतो, तू मदी पडू नगंस.”

डोळ्यांपुढं बिरादार साहेब, वीज मंडळ, हजार पेटते कंदील आणि माझं पत्र्याचं छप्पर! हे नियमात बसत नाही, असं मी स्पष्ट सांगणार होते. अगदी ठाम शब्द जुळवले होते.

“कार्यक्रम रात्री ठेवायचा की दिवसा?” मी विचारलं.